निर्मळ दिसणारे पाणी

दिल्ली शहर यमुना नदीच्या काठी वसले आहे. शहराच्या उत्तरेस, नदीच्या पश्चिम तीरावर, वजीराबाद नावाचे ठिकाण आहे. तेथे नदीचे पाणी पंपांनी उचलून घेतात, शुद्ध करतात आणि मग नळांवाटे शहरात पोहोचवितात. वजीराबादच्या थोडे पुढे, प्रवाहाच्या खालच्या अंगास, नजफगडचा नाला यमुनेला मिळतो. शहराचे पुष्कळसे सांडपाणी या नाल्यावाटे नदीत येते.

पिण्याचे पाणी वरच्या अंगास घ्यावे आणि घाण खालच्या अंगास सोडावी, हा नदीकाठच्या वस्तीचा जुना रिवाज आहे. आपल्याकडील खेड्यांतही पाणवठ्यावर वरच्या बाजूस घागरी भरतात, त्याखाली धुणी धुतात आणि त्याहून खाली गुरे पाण्यात घालतात. नदी नेहमी एकाच दिशेने वाहणार, या विश्वासावर ही सारी व्यवस्था उभी असते.

१९५५ साली दिल्लीत हा विश्वास ढळला. त्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस यमुनेला मोठा पूर आला. पूर ओसरल्यावर पाहतात तो नदीने आपली वाट बदललेली! मुख्य प्रवाह पंपघरापासून दूर सरकला होता आणि पंपघरापाशी पाणी संथ झाले होते. प्रवाहाचा जोर नाहीसा झाल्यामुळे नजफगड नाल्याचे घाण पाणी खाली वाहून जाण्याऐवजी मागे फिरले आणि वजीराबादच्या पंपांपर्यंत येऊन ठेपले. नोव्हेंबर महिन्याच्या मध्यास सुमारे एक आठवडाभर पंप नदीच्या पाण्याबरोबर गटाराचे पाणीही उचलीत होते.

पाण्यात घाण वाढल्याचे जलशुद्धीकरण केंद्रातील माणसांच्या ध्यानात आले. त्यांनी हात बांधून स्वस्थ बसणे पत्करले नाही. पाण्यातील गढूळपणा खाली बसविण्यासाठी तुरटी घालतात आणि जंतू मारण्यासाठी क्लोरीन घालतात. क्लोरीनचे प्रमाण त्यांनी नेहमीपेक्षा पुष्कळ वाढविले. नळाला येणारे पाणी दिसावयास स्वच्छ होते. घाण पाण्यामुळे होणाऱ्या विषमज्वराची वा हगवणीची साथ शहरात उद्भवली नाही. संकट टळले, असेच कोणासही वाटले असते.

परंतु डिसेंबर महिना उजाडला आणि दिल्लीतील घराघरांतून माणसे आजारी पडू लागली. प्रथम अन्नावरची वासना उडे. मग मळमळ, उलट्या, बारीक ताप आणि अंगात विलक्षण थकवा येई. काही दिवसांनी डोळे पिवळे दिसू लागत, लघवी गडद होई. ही कावीळ होती. जानेवारीचा उत्तरार्ध येईपर्यंत ही साथ चालू राहिली. नंतर केलेल्या पाहणीवरून असा अंदाज काढण्यात आला, की सुमारे २९,३०० लोकांना कावीळ झाली. त्यांत मुलांपेक्षा तरुण स्त्रीपुरुषांची संख्या अधिक होती.

येथे तीन प्रश्न उभे राहतात. पाण्यात क्लोरीन असताना हा रोग कसा झाला? पाणी नोव्हेंबरात बिघडले असता लोक डिसेंबरात का आजारी पडले? आणि हा रोग नेमका कोणता होता?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर रोगाच्या कारणात दडलेले आहे. विषमज्वर ज्यांच्यामुळे होतो ते जंतू साध्या सूक्ष्मदर्शक यंत्रातून दिसतात. काविळीची ही साथ मात्र विषाणूमुळे आली होती. विषाणू जंतूंहूनही कितीतरी लहान असतात. या विषाणूचा आकार एवढा सूक्ष्म आहे, की एका मिलिमीटरच्या लांबीत सुमारे तीस हजार विषाणू एका ओळीत मावतील. पाणी कापडातून गाळले, तर केरकचरा अडतो. पण हा विषाणू कापडाच्या छिद्रांतून सहज निसटतो. वाळूच्या थरांतूनही तो पुष्कळदा पार होतो.

क्लोरीनचेही एक गणित आहे. क्लोरीन पाण्यात घातले, म्हणजे ते केवळ जंतूंवरच तुटून पडते, असे नाही. पाण्यात जी घाण असते तिच्याशीही त्याचा संयोग होतो आणि त्यात ते खर्ची पडते. या घाणीस पुरून जे उरते, तेच जंतूंचा समाचार घेते. घाण जितकी अधिक, तितके उरणारे क्लोरीन कमी. दिल्लीत वाढविलेले क्लोरीन विषमज्वराच्या नाजूक जंतूंना पुरे पडले. पण अधिक चिवट असलेल्या विषाणूला ते पुरे पडले नाही. म्हणूनच एका शत्रूला दारातच रोखल्याचे समाधान मिळत असताना दुसरा शत्रू त्याच दाराने आत शिरला होता.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे, की हा विषाणू शरीरात शिरल्याबरोबर रोग प्रकट होत नाही. तो अन्नमार्गातून यकृतात जातो आणि तेथे आपली संख्या वाढवितो. यकृत हा उदराच्या उजव्या बाजूस, बरगड्यांखाली असलेला मोठा अवयव होय. रक्तातील जुन्या तांबड्या पेशींचा नाश झाल्यावर एक पिवळे द्रव्य तयार होते. ते शरीराबाहेर टाकण्याचे काम यकृत करते. यकृतास सूज आली, म्हणजे हे काम खोळंबते. ते द्रव्य रक्तात साचते आणि डोळे व कातडी पिवळी दिसू लागते. विषाणू पोटात गेल्यापासून ही अवस्था येईपर्यंत दोन ते दहा आठवडे, बहुधा पाच-सहा आठवडे, जातात.

या मधल्या काळामुळेच हा रोग फसवा ठरतो. लोक आजारी पडतात, तोवर पाणी पुन्हा स्वच्छ झालेले असते. त्या दिवशी नळाचे पाणी तपासले, तर त्यात कदाचित काहीच दोष आढळणार नाही. जो घोट घातक ठरला, तो महिनाभरापूर्वी घेतलेला असतो आणि त्याची आठवणही कोणास नसते. शिवाय कावीळ दिसू लागण्यापूर्वीच रोग्याच्या विष्ठेतून विषाणू बाहेर पडू लागतात. ती विष्ठा गटारात, गटार नाल्यात आणि नाला नदीत गेला, की तेच पाणी पुन्हा कोणाच्या तरी पेल्यात येते. माणसाच्या पोटातून पाण्यात आणि पाण्यातून माणसाच्या पोटात, असे हे चक्र फिरत राहते.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास मात्र कित्येक वर्षे लागली. दूषित अन्नपाण्यावाटे पसरणाऱ्या काविळीचा एक प्रकार पूर्वीपासून ठाऊक होता. त्यास आज ‘हिपॅटायटिस ए’ म्हणतात. दिल्लीची साथ त्याच प्रकारची असावी, असा तज्ज्ञांचा समज झाला. परंतु एक गोष्ट त्यात बसत नव्हती. आपल्या देशात त्या काळी बहुतेकांना ‘ए’ प्रकारची बाधा लहानपणीच, पुष्कळदा नकळत, होऊन जात असे आणि ती पुन्हा होऊ नये अशी शक्ती शरीरात निर्माण होत असे. मग दिल्लीत मोठी माणसेच अधिक संख्येने आजारी का पडावीत?

१९७८ सालच्या हिवाळ्यात काश्मीर खोऱ्यात अशीच मोठी साथ आली. गुलमर्ग व सोपोर यांच्या परिसरातील सुमारे दोनशे खेडी तिने ग्रासली. डॉ. मोहम्मद सुलतान खुरू या तरुण डॉक्टरांनी गावोगाव हिंडून रोग्यांची पाहणी केली. बाधित खेडी एकाच ओढ्याचे पाणी पितात, असे त्यांना आढळून आले. रोग्यांच्या रक्ताची तपासणी केली असता हा रोग ‘ए’ही नाही आणि ‘बी’ही नाही, असा निष्कर्ष निघाला. १९८० साली त्यांनी तो प्रसिद्ध केला. त्याच वर्षी अमेरिकेतील शास्त्रज्ञ व पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञ यांनी मिळून भारतातील काविळीच्या साथींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत दिल्लीच्या साथीतील रोग्यांच्या रक्ताचे जपून ठेवलेले नमुनेही त्यांनी तपासले होते. पाव शतकापूर्वीच्या त्या रक्तानेही तीच साक्ष दिली: दिल्लीचा शत्रू वेगळाच होता.

हा शत्रू प्रत्यक्ष कोणी पाहिला नव्हता. ते धाडस मिखाईल बलायन या रशियन शास्त्रज्ञाने केले. त्यांच्या शरीरात ‘ए’ प्रकाराविरुद्धची शक्ती आधीपासूनच होती. त्यांनी काविळीच्या रोग्यांच्या विष्ठेतून गाळून काढलेला द्राव स्वतः प्राशन केला! काही आठवड्यांनी त्यांनाही कावीळ झाली. त्यांच्या विष्ठेत विषाणूचे सूक्ष्म कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसून आले. १९८३ साली त्यांनी हा शोध जाहीर केला. सुदैवाने ते बरे झाले. परंतु असा प्रयोग कोणी करू नये, हे सांगावयास नकोच. १९९० साली या विषाणूच्या अंतर्रचनेचा उलगडा झाला आणि तो ‘हिपॅटायटिस ई’चा विषाणू म्हणून ओळखला जाऊ लागला.

आता हा विषाणू ज्या वाटेने प्रवास करतो ती वाट पाहू. सधन देशांत मैल्याचे पाणी स्वतंत्र नळांतून वाहते, शुद्ध केल्यावाचून नदीत सोडले जात नाही आणि पिण्याच्या पाण्याचे नळ रात्रंदिवस भरलेले असतात. त्यामुळे तेथे अशा मोठ्या साथी येत नाहीत. तेथे या विषाणूचे जे प्रकार आढळतात, ते मुख्यतः डुकरांत राहतात आणि अर्धेकच्चे मांस खाल्ल्याने क्वचित माणसास बाधतात. विकसनशील देशांत मात्र विषाणूला पाण्याची वाट मोकळी सापडते. कोठे लोक उघड्यावर शौचास बसतात आणि पावसाचे पाणी ती घाण विहिरीत व तळ्यात लोटते. कोठे गावाचा मैला शुद्ध न करताच नदीत सोडतात आणि तीच नदी पुढच्या गावाची तहान भागविते.

शहरांतून आणखी एक छुपी वाट आहे. पुष्कळ शहरांत नळाला दिवसातून थोडाच वेळ पाणी येते. जमिनीखाली पाण्याचा नळ आणि मैल्याचे गटार शेजारी शेजारी असतात. नळ जुना होऊन त्यास बारीक चीर पडलेली असते. नळात पाणी जोराने वाहत असते, तोवर चिरेतून पाणी बाहेर झिरपते. पण पाणी बंद झाले, की नळातला दाब नाहीसा होतो आणि भोवतालचे घाण पाणी त्याच चिरेतून आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी नळ सुरू होताच ते घरोघरी पोहोचते. शुद्धीकरण केंद्रातून निघालेले उत्तम पाणीसुद्धा वाटेत असे नासते.

दिल्लीनंतरही या विषाणूने अनेक ठिकाणी हाहाकार उडविला. १९९१ साली कानपूर शहरात सुमारे ७९,००० लोकांना कावीळ झाली. २०१२ साली आपल्या महाराष्ट्रात, कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी येथे, याच रोगाची साथ आली. युद्धामुळे किंवा पुरामुळे घरे सोडून छावण्यांत राहणाऱ्या लोकांवर तर हे संकट वारंवार ओढवते. आफ्रिकेतील सुदान देशात, दारफुर प्रांतात, मोर्ने येथे विस्थापितांची मोठी छावणी होती. २००४ साली तेथे सहा महिन्यांत २,६२१ लोक या काविळीने आजारी पडले. क्लोरीन घातलेले नदीचे पाणी पिणाऱ्यांत रोगाचे प्रमाण अधिक असल्याचे तेथे आढळले. दिल्लीचाच धडा अर्ध्या शतकानंतर दूरच्या वाळवंटी प्रदेशात पुन्हा गिरवावा लागला.

बहुतेक रोगी काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. काही ठिकाणी रोग्याच्या गळ्यात काविळीची माळ घालण्याची चाल आहे. रोगी बरा झाला, म्हणजे श्रेय माळेला मिळते. वस्तुतः यकृताने आपली दुरुस्ती स्वतःच केलेली असते. साध्या रोग्यास हवी असते ती विश्रांती, हलके अन्न, स्वच्छ पाणी आणि वैद्याचा सल्ला.

परंतु सर्वांच्याच बाबतीत रोग इतका सौम्य राहत नाही. गरोदर स्त्रियांना, विशेषतः अखेरच्या तीन महिन्यांत, ही कावीळ अतिशय घातक ठरते. त्या काळात बाधा झालेल्या शंभर स्त्रियांपैकी वीस ते पंचवीस स्त्रियाही दगावू शकतात. दिल्लीत व काश्मिरात हेच दुःखद चित्र दिसले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१५ या एका वर्षात या रोगाने जगभर सुमारे ४४,००० माणसांचा बळी घेतला. ज्या घरात नव्या बाळाची वाट पाहिली जात असते, त्या घरातून आईच निघून जाते, ही या रोगाची सर्वांत क्रूर बाजू होय. म्हणून घरात गरोदर स्त्री असेल, तर तिच्या पाण्याची काळजी सर्वांनी डोळ्यांत तेल घालून घेतली पाहिजे आणि काविळीचे चिन्ह दिसताच तिला तत्काळ रुग्णालयात नेले पाहिजे.

एक गोष्ट येथे विसरता कामा नये. हा रोग एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे, केवळ शेजारी बसल्याने वा बोलल्याने, जात नाही. एका घरातील अनेक माणसे एकाच वेळी आजारी पडतात, त्याचे कारण बहुधा त्या सर्वांनी एकच पाणी प्यालेले असते. तेव्हा काविळीच्या रोग्यास दूर लोटणे अन्यायाचे आहे. त्याची सेवा करावी आणि नंतर साबणाने हात धुवावेत, म्हणजे झाले.

मग या अदृश्य शत्रूपासून बचाव कसा करावा? पाण्याविषयी शंका असेल, तर ते चांगले खळखळ उकळून घ्यावे. उकळत्या पाण्यापुढे या विषाणूचा टिकाव लागत नाही. उकळलेले पाणी झाकून ठेवावे आणि ते दांड्याच्या ओगराळ्याने घ्यावे. पेला धरलेला हात पाण्यात बुडवू नये. शौचानंतर व जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत. उघड्यावरचे सरबत, बर्फ व कापून ठेवलेली फळे टाळावीत. नळाच्या पाण्यास वास येऊ लागला किंवा ते गढूळ दिसले, तर ती गोष्ट वडील माणसांच्या कानांवर घालावी आणि त्यांनी ती नगरपालिकेस वा ग्रामपंचायतीस कळवावी.

या रोगावर लसही निघाली आहे. चीनमध्ये तिला २०११ साली मान्यता मिळाली. २०२२ साली दक्षिण सुदानमधील बेंतियू येथील विस्थापितांच्या छावणीत साथ आटोक्यात आणण्यासाठी ती प्रथमच वापरण्यात आली. परंतु ही लस अद्याप सर्वत्र सहज मिळत नाही; आणि लस मिळाली, तरी घाण पाणी पिण्यायोग्य होत नाही.

खरा उपाय एकट्या घराच्या हाती नाही. उकळण्यासाठी इंधन लागते आणि ते गरिबास परवडतेच, असे नाही. प्रत्येक घरास शौचालय हवे, मैल्याचे पाणी शुद्ध करूनच नदीत सोडावयास हवे, फुटके नळ वेळच्या वेळी बदलावयास हवेत आणि पूर आल्यावर पाण्यावर दुप्पट पहारा हवा. ही कामे साऱ्या गावाने मिळून करावयाची असतात. वरच्या गावाने सोडलेली घाण खालच्या गावाच्या घागरीत जाते. आणि नदीने कधी वाट बदलली, तर ती आपल्याच घागरीत परत येते. पाणी निर्मळ दिसते, एवढ्यावर समाधान न मानता ते कोठून आले आणि वाटेत त्यास काय काय मिळाले, हे विचारण्याची सवय ज्या गावास लागेल, त्या गावात या रोगास थारा मिळणार नाही.

स्वाध्याय

१. वजीराबादच्या पंपांत गटाराचे पाणी कसे शिरले, ते आपल्या शब्दांत लिहा.
२. दिल्लीत विषमज्वराची साथ आली नाही; पण काविळीची आली. याचे कारण सांगा.
३. ‘हा रोग फसवा आहे’, असे पाठात का म्हटले आहे?
४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : हात बांधून बसणे, समाचार घेणे, डोळ्यांत तेल घालणे, खर्ची पडणे, टिकाव न लागणे.
५. आपल्या गावाचे पिण्याचे पाणी कोठून येते व सांडपाणी कोठे जाते, याची वडील माणसांकडून माहिती मिळवा. त्या दोन्ही वाटांचा नकाशा काढा आणि त्या कोठे जवळ येतात, ते त्यावर दाखवा.